हिकडं तोंड करून बोला

माझा आवाज गेला तेव्हा मला चौतिसावं लागलं होतं. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. गळ्यात गाठ होती. आधी ती कुणाच्याच ध्यानात आली नाही. मंगळसूत्र सारखं एका बाजूला सरकतंय म्हणून मी एकदा आरशात नीट बघितलं तेव्हा दिसली. वर्षभर औषधं झाली, अंगारे झाले, शेवटी संक्रांतीनंतर परगावच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस त्या गाठीला अगदी लागून जाते, तिला धक्का बसू शकतो. मी मान डोलावली होती. गाठ साधी निघते की आणखी कसली, याचीच भीती एवढी होती की आवाजाचं कुणी मनावर घेतलं नाही.

गाठ साधी निघाली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं नाव सांगा बघू." मी सांगितलं. तोंडातून नुसता वारा आला. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. मग ते खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहायला लागले. पलीकडे उभे असलेले माझे यजमान मात्र माझ्याकडे बघून हसत होते, कारण गाठ साधी आहे एवढंच त्यांना कळलं होतं.

"सहा महिन्यांत येईल," डॉक्टर म्हणाले. "जरा जास्तही लागेल. कुणाकुणाचा येत नाही."

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवायची. पटांगणाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोरीला हाक मारली की ती जागच्या जागी थांबायची, असा माझा आवाज. तसं आमच्या कोल्हापुरात हळू कुणीच बोलत नाही. हळू बोललं तर माणसं विचारतात, "का ओ, बरं न्हाय व्हय?" दोघं प्रेमानं बोलत असले तरी परगावच्या पाहुण्याला वाटतं, भांडण लागलंय. अशा गावात मी मुकी होऊन परत आले.

राजारामपुरीत आठव्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या आणि मागं स्वयंपाकघर. यजमान पाटबंधारे खात्यात कारकून. घरात सासूबाई, नऊ वर्षांची थोरली मुलगी आणि चार वर्षांची धाकटी. पहिले पंधरा दिवस माणसांची रीघ लागली. आलेला प्रत्येक जण माझ्याशी ओरडून बोलायचा. आवाज गेलाय म्हणजे कानही गेले असणार, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. काही जण उलटं करायचे, माझ्यासारखंच कुजबुजत बोलायचे. कोपऱ्यावरचा किराणावाला तर मी चिठ्ठी पुढं केली की कानाजवळ येऊन हळूच विचारायचा, "तूरडाळ एक किलो का दोन?" जणू आम्ही दोघं मिळून कसली चोरी करतोय.

यजमानांनी पाटी आणून दिली. मुलींच्या पाट्यांसारखीच, लाकडी चौकटीची. त्यांचा हेतू चांगला होता. पण पाटीवर किती लिहिणार? "भाजी संपली" लिहिता येतं. "तुमच्या बहिणीनं काल सगळ्यांसमोर जे म्हटलं ते मला आवडलं नाही, आणि तुम्ही गप्प बसलात ते त्याहून आवडलं नाही" हे लिहीपर्यंत समोरचा माणूस शर्ट घालून ऑफिसला गेलेला असतो. भांडण लिहून होत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. आणि ज्या घरात एका माणसाला भांडता येत नाही तिथं त्याचं मत हळूहळू कुणी विचारेनासं होतं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. थोरलीला कुठल्या शाळेत घालायचं, उन्हाळ्यात कुणाकडं जायचं, सगळं माझ्यासमोर बसून ठरायचं आणि मी पेन्सिल हातात घेतली की विषय पुढं गेलेला असायचा.

हाका मारायला सासूबाईंनी देवघरातली जुनी घंटा दिली. पोरींना बोलवायचं झालं की मी ती वाजवायची. धाकटी शेजारी सांगत सुटली, "आमची आई आरती करून बोलवते." सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसूही बिनआवाजाचं होतं, नुसता दम लागल्यासारखं. मी ते एकदा आरशात बघितलं आणि मग हसणंही कमी केलं.

मे महिन्यात एक गोष्ट झाली. मी धाकटीला घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत गेले होते. भाजीच्या गाडीवाल्याशी खुणांनी बोलत असताना तिनं माझा हात सोडला आणि पलीकडच्या बर्फगोळ्याच्या गाडीकडं निघाली. वळणावरून सिटी बस येत होती. मी हाक मारली. सगळ्या ताकदीनं मारली, आणि माझ्या कानाला माझाच श्वास ऐकू आला. धाकटी चालतच होती. एका सायकलवाल्यानं सायकल आडवी टाकून तिला दंडाला धरून ओढलं. बस थांबली, ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्यावर ओरडायला लागला, "आई हाय का कोण हाय ही? त्वांड शिवलंय का तुमचं?" मी पदर खाली करून गळ्यावरची शिवण दाखवली. तो तसाच वळून गाडीत जाऊन बसला. घरी आल्यावर मी कुणाला काही लिहून दाखवलं नाही. धाकटीनंच सांगितलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी मला तिला घेऊन बाहेर जाऊ दिलं नाही, आणि मला त्यावर बोलायला तोंड नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला रजेवरून हजर करून घेतलं, पण वर्ग दिला नाही. पुस्तकांच्या खोलीत बसवलं. खोली कसली, जिन्याखालची अडगळ. दोन कपाटं, एक टेबल, वर एक झरोका. मी दिवसभर पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायची आणि नोंदी करायची. भिंतीपलीकडं सहावीचा वर्ग होता, एके काळचा माझा. नव्या बाई कविता शिकवताना ऐकू यायच्या. त्या ओळी जिथं तोडायला नकोत तिथं तोडायच्या. मी कव्हर घालता घालता मनात ती ओळ नीट म्हणायची, आणि मग आपण मनातच म्हणतोय हे लक्षात आलं की हातातला कागद तसाच राहायचा. मधल्या सुट्टीत मी शिक्षक-खोलीत जाणं बंद केलं. तिथल्या बायका माझ्याशी फार चांगल्या वागायच्या, आणि ते चांगलं वागणं मला सोसायचं नाही.

गणपतीच्या आधी मोठ्या बाईंनी बोलावून एक कागद पुढं ठेवला. प्रकृतीच्या कारणावरून मुदतीआधी निवृत्ती मिळावी असा अर्ज होता, टाईप केलेला, फक्त सही राहिलेली.

"मी तुमच्यावर घाई करत नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विचार करा. पण त्या खोलीत तुम्हाला बसलेलं मला बघवत नाही."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी यजमानांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, "तुझी इच्छा असेल तसं." माझी इच्छा काय आहे हे मलाच माहीत नव्हतं. शाळेतून आलं की मी मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायची. जेवताना पाण्याचा घोट हमखास चुकीच्या वाटेनं जायचा आणि ठसका लागायचा, म्हणून सगळ्यांबरोबर जेवायला बसणंही टाळायला लागले. तेव्हाचे दिवस आठवले की मला ती बंद खोली आठवते, आणि तिचं दार मीच लावून घेत होते हेही आठवतं.

त्याच सुमाराला माझ्या नणंदेला दिवस भरत आले आणि सासूबाई बाळंतपणासाठी इचलकरंजीला गेल्या. नणंदेच्या यजमानांचे यंत्रमाग होते. घराच्या खालीच शेड. सासूबाई दोन-अडीच महिने तिकडं राहणार होत्या. त्यामुळं सकाळचं दूध घ्यायचं काम माझ्याकडं आलं.

आमच्याकडं दुधाचा रतीब घालणारी बाई जवळच्या खेड्यातून यायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोठी किटली, हातात माप. पंचेचाळिशीची असेल. उंच, हाडापेराची, आणि बोलायची ते एकाच पट्टीत, मोठ्यानं, जणू प्रत्येक शब्द दगडावर ठेवून ठोकतेय. ती ठार बहिरी आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई तिला बोटं दाखवून लिटर सांगायच्या. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, पण तिच्याशी कुणी बोलत नसे.

पहिल्या दिवशी मी पातेलं घेऊन दारात गेले. थोरलीचा वाढदिवस होता. डोक्यात कामं होती, आणि पाटी आत राहिली होती. सवयीनं माझं तोंड हललं, "आज अर्धा लिटर जादा घाला मावशी, पोरीच्या वाढदिवसाची खीर करायचीय."

तिनं नेहमीचं माप घातलं आणि वर अर्धा लिटर घातलं. "पोरीचा वाडदिस व्हय? बरं," म्हणाली आणि किटलीचं झाकण लावायला लागली.

मी पातेलं धरून तशीच उभी राहिले. सात महिन्यांत पहिल्यांदा माझं एक वाक्य कुणाला तरी एका दमात कळलं होतं. मी विचारलं, अर्थात आवाजाशिवायच, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"मी बोलले ते."

"बोललासा की तुमी."

"मला आवाज नाही मावशी. आवाज गेलाय माझा."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग गळ्याकडं. "गेला असंल," ती म्हणाली. "मला कुठं ऐकू येतंय." आणि किटली डोक्यावर चढवून पुढच्या घराकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिची वाट बघत दारात बसले होते. तिसऱ्या दिवशीही. ती आमच्या घराला शेवटी यायला लागली, म्हणजे दहा मिनिटं बसता यावं. मी चहा द्यायची आणि बोलायची. मी किती बोलायची! सात महिन्यांचं साठलेलं सगळं. नणंदेचं बोलणं, यजमानांचं गप्प बसणं, सासूबाईंची घंटा, बसचा ड्रायव्हर. ती चहाची बशी तोंडाला लावून माझ्या ओठांवरून नजर न हलवता बसायची. ती गोड बाई नव्हती. माझं रडगाणं लांबलं की सरळ म्हणायची, "ह्ये कालच सांगितलासा. दुसरं काय तरी बोला." आणि मी पुटपुटायला लागले की, "दात आवळून बोलू नका. तोंड उघडा. काय लाडू लपवलाय का आत?"

तिची गोष्ट तिनं एका दिवसात सांगितली नाही. तुकड्यातुकड्यानं कळली. पंधराव्या वर्षी लग्न झालं, त्याच वर्षी विषमज्वर आला आणि बरी होऊन उठली ती बहिरी. सासरची माणसं म्हणायची, काम चुकवायला सोंग करतीया. नवराही तेच म्हणायचा.

"मग काय केलंत?"

"काय करतोय? गोठ्यात जाऊन बसायचो." आमच्या भागातल्या खेड्यांत बायकाही पुरुषांसारखंच मी करतो, मी जातो म्हणतात. "म्हशीला कुठं बोलायचं असतंय? दोन वरीस म्हशीसंगट काढली मी. मान्सं नकोशीच झालती."

"मग ओठांवरचं कसं कळायला लागलं?"

ती पहिल्यांदाच हसली. "जावेमुळं. ती माज्याकडं बघून तोंड हलवायची आन बाकीची हसायची. म्हटलं, ही म्हणतीया तरी काय? बघाय लागलो. सारखं बघाय लागलो. पयल्यांदा शिव्या कळाय लागल्या. मग बाकीचं."

एवढं सांगून तिनं बशी उपडी घातली आणि उठली. तिला त्या गोष्टीतून मला काही शिकवायचं होतं असं मला वाटत नाही. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

गणपती झाल्यावर एके सकाळी मी तिला अर्जाचं सांगितलं. म्हटलं, सही करणार आहे, आता बास.

"का?"

"पोरींना माझं ऐकू येत नाही. जिचं ऐकूच जात नाही अशी बाई वर्गात काय कामाची?"

"बघाय सांगा की त्यास्नी. डोळं न्हाईत व्हय पोरींना?"

मला एकदम राग आला. पंचेचाळीस पोरींचा वर्ग म्हणजे काय, तपासणी म्हणजे काय, हिला काय माहीत? मी आत वळता वळता म्हणाले, "तुम्हाला शाळेतलं काय कळतंय!" पाठ फिरवून म्हणाले, कारण ते तिला दिसू नये असं मला वाटत होतं.

तिनं उठून माझी हनुवटी धरली. दुधाच्या वासाचा, खरबरीत, थंड हात. तिनं माझं तोंड स्वतःकडं फिरवलं. "हिकडं तोंड करून बोला. शिव्या द्यायच्या असल्या तर तोंडावर द्या. पाठ करून बोललेलं मला कळत न्हाय, आन तसं बोलल्यालं मी लई सोसलंय."

मग मी तोंडावर म्हटलं. तिनं ते ऐकलं, म्हणजे बघितलं. किटली उचलली आणि गेली. पुढचे तीन दिवस तिनं दूध घातलं ते एक शब्द न बोलता, चहाला न थांबता. चौथ्या दिवशी मी तिच्यासमोर उभी राहिले, तोंड नीट उघडून म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चा टाका." एवढंच झालं.

त्याच आठवड्यात सहावीच्या नव्या बाईंच्या घरी मुलांना गोवर आला आणि त्या रजेवर गेल्या. बदलीला कुणी नव्हतं. मोठ्या बाईंनी मला म्हटलं, "नुसतं बसा वर्गात. काही शिकवू नका, फक्त गोंधळ होऊ देऊ नका."

पहिला दिवस वाईट गेला. मी टाळ्या वाजवल्या, छडी टेबलावर आपटली, फळ्यावर "शांत बसा" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. पोरी दोन मिनिटं शांत बसल्या आणि मग मागच्या बाकावरून हसण्याची लाट पुढं आली. एक पोरगी माझी नक्कल करत होती, माशासारखं तोंड उघडझाप करत. मी बघितलं हे तिला कळल्यावर ती शरमली, पण बाकीच्यांना हसू आवरेना. तास संपेपर्यंत मी खिडकीकडं बघत बसले. घरी आल्यावर अर्ज काढून टेबलावर ठेवला. सही केली नाही, कारण शाईचं पेन सापडेना. खोटं सांगत नाही, पेन मिळालं असतं तर मी त्या दिवशी सही केली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला सांगितलं. नकलेचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नक्कल करणारी पोरगी पुढं बसवा. ती लई ध्यान देऊन बघतीया तुमच्याकडं."

मी तिला पुढच्या बाकावर बसवलं. मग फळ्यावर काही न लिहिता, टेबलासमोर येऊन, उजेड तोंडावर पडेल अशी उभी राहिले आणि एक गोष्ट सांगायला लागले. सावकाश, तोंड उघडून. वर्गाला वाटलं, बाईंना काहीतरी झालंय. तीन-चार वाक्यं अशीच वाऱ्यावर गेली. मग ती नक्कल करणारी पोरगी अर्धवट उठून मागं वळली आणि म्हणाली, "बाई म्हणतात, एक म्हातारी होती. तिची कोंबडी हरवली." मी मान हलवली. मी पुढचं वाक्य बोलले. शेजारची म्हणाली, "तिचा मामा आला." पहिली म्हणाली, "न्हाय, बाबा आला." दोघींची जुंपली. मागच्या बाकावरच्या उभ्या राहून बघायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "गप बसा की गं, बाईंचं तोंड बघू द्या." आणि वर्ग गप्प झाला.

मी गोष्ट पुरी केली. पंचेचाळीस पोरी मान पुढं काढून माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि पुढच्या बाकावरची एकेक वाक्य मोठ्यानं मागं पोचवत होती. खणखणीत आवाजाच्या काळात मी खूप वर्ग गप्प केले होते, पण असं कुणी माझ्याकडं बघितलं नव्हतं.

मामा आणि बाबा यांचं मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "त्ये सारखंच दिसतंय. प, ब, म, तिन्हीला ओठ मिटत्यात. तिथं हात करायचा. मामा म्हटलं की मिशी दावा." मग रोज सकाळी चहाबरोबर माझी शिकवणी सुरू झाली. कुठले शब्द फसवे, कुठं थांबायचं, दाढीवाला माणूस का कळत नाही, पान खाणाऱ्याशी बोलूच नये. दहा वाजता शाळेत गेले की मी ते सगळं पोरींपुढं ठेवायची. इतिहासातली नावं तेवढी फळ्यावर लिहायची, बाकी तोंडानं. कधी कधी सगळा तास एका वाक्यावर अडायचा. कधी पोरी कंटाळायच्या आणि मी घामाघूम व्हायची. मागच्या बाकाला कळायचं नाही म्हणून दर तासाला बाक बदलायला लागले, त्याचाही गोंगाट व्हायचा.

दहाएक दिवसांनी मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "वर्गातून काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून पोरी पळून गेल्या की काय बघायला आले." त्या मागच्या बाकावर बसल्या. पोरींनी त्यांना भाषांतर करून सांगितलं, चढाओढीनं. तास संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "सहामाही परीक्षा होऊ दे. मग बघू." परीक्षा झाली. माझ्या वर्गाचे गुण ना फार चांगले आले, ना वाईट. नव्या बाई परत आल्या तेव्हा त्यांना सातवी दिली आणि सहावी माझ्याकडं राहिली. अर्ज परत पर्समध्ये गेला होता, तिथंच राहिला, आणि घडीवर फाटायला लागला तेव्हा मी तो चुलीत घातला.

दिवाळीच्या तोंडावर सासूबाई परत आल्या. आल्या दिवशी मी स्वयंपाकघरात त्यांच्यासमोरच भांडी लावताना, त्यांना ऐकू जाणार नाहीच म्हणून, ओठांतल्या ओठांत म्हणाले, "आता सुरू होईल कटकट."

"कसली कटकट?" सासूबाई म्हणाल्या.

माझ्या हातातलं पातेलं पडलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अडीच महिने मागाच्या शेडवर राहून आले मी. तिथं कानाला काय ऐकू येतंय? सगळी माणसं अशीच बोलतात, तोंड हलवून. मलाही जरा जरा कळाय लागलं." मग थोड्या वेळानं, पदरानं डबा पुसत, त्यांनी विचारलं, "मी लई कटकट करते व्हय गं?"

मी त्यांच्याकडं तोंड करून म्हटलं, "कधी कधी." त्या दिवशी आम्ही दोघी बराच वेळ बोललो. त्यांना निम्मंच कळत होतं, पण त्यांनी उठून जायची घाई केली नाही. घंटा त्यांनी दुसऱ्या दिवशी आपणहून देवघरात नेऊन ठेवली आणि धाकटीला बजावलं, "आईनं टाळी वाजवली की मागं बघायचं. जिथं असशील तिथनं."

यजमानांना मात्र शेवटपर्यंत नीट जमलं नाही. मी एकदा त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हटलं, माझ्याकडं बघा. ते बघायला लागले. त्यांना कळायचं कमी, पण बघायचे. उत्तरं भलतीच द्यायचे आणि आमचं पुन्हा भांडण व्हायला लागलं. मला ते बरं वाटलं.

माझा आवाज थोडासा परत आला तो पुढच्या वर्षी, होळीच्या आसपास. एका सकाळी ठसका लागला आणि ठसक्याच्या शेवटी एक खरखरीत सूर निघाला, पत्र्यावर कानस घासावी तसा. मी मावशी यायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिले. ती आल्यावर म्हटलं, "मावशी, आवाज आला."

"आला व्हय? बरं झालं," ती म्हणाली आणि माप काढलं. तिच्या दृष्टीनं काहीच बदललं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं आणि माझा चेहरा उतरला असावा. तिनं माप खाली ठेवलं, हात पदराला पुसला आणि माझ्या गळ्यावर, शिवणीच्या वर, पंजा टेकवला. "बोला."

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

"हाय की," ती म्हणाली. "म्हशीच्या गळ्यागत हलतंय."

तो आवाज पुढं थोडा सुधारला, पण पहिल्यासारखा कधीच झाला नाही. पटांगणाच्या टोकापर्यंत तर तो आजही जात नाही. मी आणखी एकवीस वर्षं शिकवलं. दर जूनला नवा वर्ग आला की पहिले चार दिवस हाल व्हायचे, पोरी हसायच्या, मग बघायला शिकायच्या. गेलेल्या आवाजाचं दुःख संपलं असं मी म्हणणार नाही. माझ्या दोन्ही मुलींची लग्नं झाली तेव्हा मंगलाष्टकं म्हणता आली नाहीत, ते अजून लागतं.

काही वर्षांनी मावशीच्या गावात दूध संकलन सुरू झालं. गावातच दूध घालता येऊ लागल्यावर किटली डोक्यावर घेऊन शहरात यायचं कारण उरलं नाही. शेवटच्या दिवशी ती नेहमीसारखीच आली, दूध घातलं आणि म्हणाली, "उद्यापासनं न्हाय येत."

मी म्हटलं, "मग मी कुणाशी बोलू?"

"आता काय, सगळ्यांशी बोलतासा की." तिनं चहा संपवला, बशी धुऊन ओट्यावर ठेवली. "गावाकडं या कवातरी. म्हस व्याली हाय, खरवस घालतो."

मी रिकामी किटली तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला. ती उतरणीच्या रस्त्यानं चालायला लागली. मला तिला हाक मारावीशी वाटली, पण मागून मारलेली हाक तिला कळणार नव्हती. मी चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले.